डावा पाय

कापडाच्या मिलमध्ये उभं राहून राहून चंपतरावांचा उजवा पाय आखडला होता. जरीपटका वस्तीतल्या डॉक्टरांनी चिनी इलाज सांगितला. गुडघ्यापासून बोटापर्यंत बॉलपेननं निळी रेघ ओढली आणि म्हणाले, "या रेघेतून जीव वाहतो. अंगठ्यानं वरून खालीच दाबायचं. उलटं कधीच नाही."

दुपारी रंभाबाई जवसाचं तेल घेऊन नवऱ्याच्या पायाशी बसल्या. अंगठा रेघेवरून सरकू लागला, तसे चंपतराव डोळे मिटूनच म्हणाले, "दोन्ही पाय एकदम काहून दाबून राहिली वं?"

"अजी, मी एकच दाबून राहिली."

"मंग डाव्याले कोण दाबून राहिलं?"

रंभाबाईंनी डाव्या पायाकडे पाहिलं. कोरड्या कातडीत अंगठ्याएवढा खळगा पडला होता आणि त्यांच्या अंगठ्याच्या बरोबरीनं तो सरकत होता. फक्त खालून वर.

आपला हात दोन ठिकाणी कसा, हे त्यांना उमगेना. त्यांनी दोन्ही हात झटकन मागे घेतले.

खळगा थांबला नाही. गुडघा ओलांडून तो धोतराखाली शिरला.

"हं, बरं वाटून राहिलं," चंपतराव सुस्तावून म्हणाले. "आता छातीपर्यंत येऊ दे त्याले."