राखून ठेवलेलं गाणं

"ते गाणं मला दे," हॉइट म्हणाला. "पुढच्या आठवड्यात डॉक्टर घशाला सुरी लावणार. नंतर आवाज उरतो की नाही, देव जाणे."

गाणं वर्लननेच लिहिलेलं, स्टुडिओही त्याचाच. त्याच्या पहिल्या गाण्याला गाण्यांवर जगणाऱ्या सगळ्या नॅशव्हिल शहराने नाक मुरडलं, तेव्हा याच म्हाताऱ्याने ते गाऊन त्याला माणसांत आणलं होतं.

पण दोन वर्षांपूर्वी ब्रेडन, आजचा गाजलेला गायक, त्याला सांगून गेला होता, "हे माझ्यासाठी राखून ठेव." नॅशव्हिलमध्ये तेवढं पुरतं. कागद नाही, सही नाही. पण राखलेलं गाणं दुसऱ्याला देणाऱ्याला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. त्यातून ब्रेडनचे सगळे अल्बम वर्लनच करायचा. तो दुसऱ्याकडे गेला की स्टुडिओला टाळं.

वर्लनने हॉइटसमोरच स्पीकरवर फोन लावला आणि ब्रेडनला विचारलं, गाणं सोडतोस का.

"छे छे, सोडायचं नाही हां!" ब्रेडन ओरडला. "या अल्बममध्ये बसत नाही, पुढच्यात बघू. बाय द वे, चाल कशी होती रे? साफ विसरलो. कुणाकडून तरी नमुना गाऊन घे नि पाठव."

वर्लनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडातून मात्र निघालं, "बरं, पाठवतो." त्याला स्वतःचीच किळस आली.

"स्वतः खाईना, दुसऱ्याला देईना!" हॉइट हसला आणि हसता हसता खोकला. "नमुना मी गातो की."

"काका, ते फक्त ब्रेडन ऐकणार. बाहेर कुणाच्या कानावर पडायचं नाही."

"तू ऐकशील ना? मग झालं तर. माइक लाव, पोरा."

वर्लनने माइक लावला आणि काचेपलीकडे जाऊन बसला. हॉइटने गिटार मांडीवर घेतली. पट्टी चढवायचा तारांवरचा चाप हातात धरून तो थांबला.

"पट्टी कुणाची? माझी की त्याची?"

नमुना ज्याच्यासाठी, पट्टी त्याची. हा शिरस्ता वर्लनला शिकवला होता तो हॉइटनेच. ब्रेडनची पट्टी फार उंच. आज हॉइटच्या घशाला ती झेपणार नव्हती. वर्लनने रेकॉर्डिंगच्या बटणावर बोट ठेवलं.

"त्याची," तो म्हणाला.

हॉइटने मान डोलावली, आणि चाप वर सरकवला.