मुठीखालचं अक्षर

धनुष्याचा ताण मोजायला काटा मिळतो, पण गुंडूचा भरवसा स्वतःच्या दंडावर. कोल्हापुरातल्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक धनुष्य तो ओढून बघायचा, पसंत पडलं की मुठीखाली 'गुं' कोरायचा. जिल्ह्याच्या स्पर्धेला निघालेल्या दीप्तीचं धनुष्य मात्र वाकेना. काचेनं लाकूड खरवडायचं, दोरी ओढायची, हनुवटीपर्यंत आली नाही की पुन्हा खरवडायचं. "लाकूडच आडमुठं हाय," तो करवादला. दोऱ्या वळत बसलेली त्याची बायको झुंबरबाई उठली. तिनं धनुष्य सहज कानापर्यंत ओढलं. "अवं, हे कवाच नरम झालंय, बारक्या पोरांस्नी द्या. आडमुठा झालाय तो तुमचा खांदा." गुंडूनं ते धनुष्य बाजूला ठेवलं. दीप्तीला थांबायला सांगून त्यानं नवं लाकूड घेतलं. धनुष्य तयार झाल्यावर ते न ओढताच बायकोपुढं धरलं. तिनं दोनदा माघारी दिलं, मग मान डोलावली. गुंडूनं मुठीखाली 'झुं' कोरलं.