आईच्या तेरवीचा भोंगा

आईच्या तेरवीला जगदेवानं स्वतःचाच भोंगा लिंबावर चढवला. मालेगावाकडच्या खेड्यांत तीस वर्षं त्याचा हाच धंदा. मांडवात रुंद पडद्याच्या स्पीकरच्या पेट्या, आणि शिवारभर ऐकू जावं म्हणून वर भोंगा. तारेतून वीज आली की चुंबकातलं वेटोळं थरथरतं, ते पडद्याला हलवतं, पडदा हवेला. वीज नाही तर आवाज नाही.

आई गेली त्या दुपारी ती खोकत खोकत पाण्यासाठी हाका मारत होती. त्याची बायको प्रयागबाई वावरात होती. जगदेव ओसरीत नव्या पेट्या तपासत होता. कटकट नको म्हणून त्यानं गाण्याचा आवाज वाढवला. गाणं संपलं तेव्हा खोकलाही थांबला होता. हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं.

पंगत बसली. भोंग्याची तार जोडायची राहिली होती, तिचं टोक त्याच्या हातातच होतं. तेवढ्यात वर भोंगा खोकला.

"घरच्या भोंग्यालेच सर्दी झाली का बाप्पा?" चुलतभाऊ रंगराव हसला.

जगदेवानं तारेचं मोकळं टोक दाखवलं. भोंगा पुन्हा खोकला. आता कोणी हसलं नाही.

प्रयागबाईनं वरणाची बादली खाली ठेवली. "आत्याबाईचाच खोकला हाय हा. त्या दिवशी त्यायनं तुमाले आवाज देला व्हता का?"

सारी पंगत त्याच्याकडे पाहत होती. जगदेवानं मान खाली घातली.

"नाही व, सूनबाई," वरून आईचा दमलेला आवाज आला. "म्या कोनालेच आवाज नाही देला."