बाजूचं बटण

स्क्रीन लाल झाली आणि खेळ मधेच थांबला. खातं बंद, फसवणुकीचा संशय. खाली नाव यादिराचं.

पेरूतल्या अरेकिपा शहरात, व्हिडिओ गेमच्या स्पर्धेच्या त्या हॉलमध्ये शिट्ट्या सुरू झाल्या. कप्तान एफ्राइनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दोन वर्षं घाम गाळून संघ इथवर आणला, आणि या पोरीने सगळ्यांदेखत तोंड काळं केलं!

पंच यादिराला म्हणाले, "तुझ्या माउसमधून एका क्षणात वीस अक्षरं सुटली, यंत्रणेने ती वाटेतच अडवली. माणसाच्या बोटांना ते जमत नाही. काय आहे ते सांग, नाहीतर खातं कायमचं बंद."

यादिराने एफ्राइनकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" तो खेकसला. "काढ ती जर्सी!"

माउस त्यानेच तिला दिलेला, स्वतःचा जुना. ती संघात आली त्या दिवशी. या लोकांत नव्याने हाती आलेली वस्तू पाद्रिनोशिवाय, म्हणजे धर्मबापाशिवाय, वापरायला काढत नाहीत. एफ्राइनने माउसवर चिचाचे, मक्याच्या दारूचे, दोन थेंब शिंपडले होते, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हापासून ती त्याला पाद्रिनोच म्हणायची.

यादिराने जर्सी काढली, नीट घडी घालून खुर्चीवर ठेवली. आत साधा बनियन होता. पहिल्या रांगेत तिची आई मांडीवर जेवणाचा डबा घेऊन बसली होती. आईने मान खाली घातली.

एवढ्यानेही एफ्राइनचं समाधान होईना. "थांबा, हिची लबाडी मीच दाखवतो," म्हणत तो तिच्या जागेवर बसला, सरावाची खिडकी उघडली. माउसची बटणं एकेक दाबत गेला. काही होईना. मग अंगठ्याखालचं, बाजूचं बटण दाबलं.

हॉलच्या मोठ्या पडद्यावर, सगळ्या संघाला जाणारा निरोप झर्रकन उमटला: 'घाबरू नका पोरांनो, एफ्राइन तुमच्या पाठीशी आहे!'

कप्तान झाला तेव्हा त्यानेच तो निरोप हौसेने त्या बटणात भरून ठेवला होता. पुसायचा राहून गेला होता. त्याचे कान तापले. मान वर करवेना.

पंच पडद्यावरचा निरोप वाचून यादिराकडे वळले.

"अगं, ही कसली फसवणूक? हा तर नुसता निरोप आहे. तुला माहीत होतं ना? मग बोलली का नाहीस?"

यादिराने बनियनवर हाताची घडी घट्ट केली.

"पाद्रिनोकडे बोट कसं दाखवायचं, सर?"