काळुरामची होडी

जुनं डिझेल इंजिन क्रेनच्या साखळीला लटकलं आणि होडीच्या पोटातून गंजाचं लाल पाणी भळाभळा वाहिलं.

"गेलं एकदाचं," हर्षित म्हणाला. "आता हिच्यात बॅटरीची मोटर. धूर नाही, आवाज नाही."

काळुराम प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघत होता. हर्षितचा आजा, ब्याऐंशी वर्षांचा, काटकुळा. "इंजिन मागनं कुनी बसवला," तो म्हणाला. "तवा शिडावरच चालं."

ही होडी त्यालाच दिसली होती. दोन महिन्यांपूर्वी भिवंडीकडे एका हळदीला जाताना त्यानं नातवाला गाडी थांबवायला लावली. खाडीकाठच्या चिखलात शिडाची एक मोठी होडी कुशीवर पडली होती. काळुराम उतरला आणि तिच्या फळीवर पंजा ठेवून कितीतरी वेळ उभा राहिला.

"हीच ती," तो म्हणाला. "हिच्यान मीठ भरायचो आमी."

हर्षितला तेवढं पुरे झालं.

घोडबंदर रोडला त्यांच्या भातशेतीच्या जागी आता बत्तीस मजली टॉवर होता आणि त्यातले तीन फ्लॅट त्यांचे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून वाद झाला, तेव्हा सेक्रेटरी चित्रा मॅडम हसत म्हणाल्या होत्या, "गुंठामंत्र्यांना काय, जमीन विकली की झालं. हातात कला कुठे लागते?" सगळे हसले. हर्षित इलेक्ट्रिक रिक्षा दुरुस्त करायचा, त्याच्या नखांतलं काळं कधी जात नसे.  चित्रा मॅडमना द्यायचं उत्तर आता चिखलात सापडलं होतं. आमचा आजा खाडीत होडी चालवायचा.

त्यानं होडी विकत घेतली आणि ट्रेलरवर घालून कोलशेतच्या काठाला आणली.

"साग आहे," रवींद्र मिस्त्री हातोडीनं फळी वाजवत म्हणाला. "अर्धी अजून दगडासारखी आहे. बाकीची बदलावी लागेल."

दहा महिने काम चाललं. कुजक्या फळ्या निघाल्या, नव्या बसल्या. फटींत कापूस ठोकला, वरून राळ भरली. डोलकाठी नवीन उभी राहिली. मोटर मात्र हर्षितनं स्वतः जुळवली. दोनदा कंट्रोलर जळला. तिसऱ्यांदा मोटरचा पंखा हवेत गरगरला, तेव्हा तो एवढ्या जोरात ओरडला की त्याची बायको रुपाली डबा टाकून पळत आली.

काळुराम रोज यायचा. रवींद्र त्याला विचारी आणि तो बरोबर सांगे.

"बाबा, वजन किती घ्यायची ही?"

"सातशे टोपल्या. मग पानी हितवर चढं." काळुरामनं खालूनच काठीचं टोक एका फळीला लावलं.

रवींद्रनं मोटर आणि बॅटऱ्यांचा हिशेब त्या खुणेवरून धरला. "असा माणूस आता मिळत नाही," तो हर्षितला म्हणाला. हर्षितनं ते चार जणांना सांगितलं.

"आजोबा, वर चढून बघा तरी," रुपाली म्हणायची.

"तयार होऊदे आदी," काळुराम म्हणायचा.

शेवटच्या आठवड्यात रुपालीनं पांढऱ्या रंगानं नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, अक्षरं काढली. काळुरामला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंस गो?"

"तुमचं नाव. काळुराम भोईर."

 काळुराम खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसत पाण्याकडे वळला. रुपालीनं नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं. 

रविवारी भर भरतीला होडी पाण्यात गेली. हर्षितनं अख्ख्या सोसायटीला बोलावलं होतं. चाळीसेक माणसं आली. चित्रा मॅडमही आल्या. हर्षितनं मुद्दाम त्यांना होडीत बसायला सांगितलं.

नारळ फुटला. काळुरामनं काठावर चपला काढल्या.

"अरे आजा, राहू दे पायात. चिखल हाय."

"नको."

हर्षितनं त्याला हात दिला. काळुराम हळूच आत उतरला आणि मधेच उभा राहिला. "कुटं बसू?"

"कुटं म्हंजे? सुकाणूपाशी. तुझी जागा."

मोटर लागली. आवाज नाहीच, फक्त पाणी कापल्याची सळसळ. खाडीच्या मध्यावर हर्षितनं मोटर बंद केली आणि रवींद्रनं शीड सोडलं. कापड दोनदा फडफडलं, मग वारा भरला आणि होडी एका अंगावर कलून निघाली. काठावरून शिट्ट्या आल्या. मागे टॉवर लहान होत गेले. रुपाली हसत होती, रडत होती. काळुरामनं सुकाणूला हात लावला नव्हता. त्याचे दोन्ही तळवे बाजूच्या फळीवर होते आणि तो ती सावकाश चाचपत होता.

चित्रा मॅडम हर्षितकडे वळल्या. मग म्हणाल्या, "हर्षित, मानलं तुला. खरंच. मी तेव्हा चुकीचं बोलले." त्यांनी मोबाईल वर धरला. "आजोबा, ग्रुपवर टाकते. सांगा ना, किती वर्षं चालवलीत ही होडी?"

"सांग आजा," हर्षित म्हणाला. 

काळुरामनं नातवाकडे बघितलं. मग मोबाईलकडे. मग ताठ बसला.

"चालवली? मी कवा चालवली? शेटची होडी ती. आमी मिठागराचे मजूर. चवदा वरसा काठावरच्या फलीवर उभा ऱ्हाऊन डोक्यावरच्या टोपल्या हिच्यान वतल्या. आत पाय पडला तर मुकादम मारायचा. बसलो ता आज, माज्या नातवाच्या होडीन."