दहाव्याला राहिलेलं

"दम लागला की बसायचं. देव कुठे पळून जात नाही."

गोपाळमास्तरांचा आवाज कानात इतका स्वच्छ आला, की हेमाताई देवळाची वाट सोडून बागेच्या फाटकात वळल्या. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. कठडा धरत धरत त्यांनी बाक गाठलं. याच बाकावर मास्तर, त्यांचे यजमान, रोज संध्याकाळी येऊन बसायचे. ते गेल्यापासून हेमाताई इकडे फिरकल्या नव्हत्या.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला भागोजी होता. एसटीतला निवृत्त ड्रायव्हर, मास्तरांचा संध्याकाळचा सोबती. त्यानं त्यांचा चेहरा पाहिला आणि पाण्याची बाटली पुढे केली. हेमाताईंनी मानेनंच नको म्हटलं. गुरुवार होता, सूर्य मावळेपर्यंत पाणीही नाही.

"सोमवारी वाटेत भेटलात तेव्हाही उपासच होता," भागोजी म्हणाला. "देवानं तुमच्यासाठी एक तरी वार मोकळा ठेवलाय का वैनी?"

त्यांना हसू आलं नाही. दुसऱ्या कुणाला त्यांनी उत्तरही दिलं नसतं. पण दहाव्याला भागोजी भाट्याच्या किनाऱ्यावर हजर होता, त्यानं सगळं पाहिलं होतं. पिंड मांडला, माणसं लांब सरली, आणि कावळे माडांवर नुसते बसून राहिले. कलमांची बाग विकणार नाही, असं अनिशनं, त्यांच्या मुलानं, हात जोडून सांगितलं. दिरांनी पुतणीच्या लग्नाचं पत्करलं. देवाधर्माचं काही चुकू देणार नाही, असं हेमाताई स्वतः म्हणाल्या. एक कावळा खाली उतरेल तर शपथ. ऊन चढलं, शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी घरी परतली.

तेव्हापासून त्या एकेक वार धरत गेल्या होत्या.

"त्यांचं काहीतरी मनात राहिलं," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू होता. "ते काय, हे कळेपर्यंत मी सोडायची नाही."

भागोजीनं विचारलं, "दहाव्याला तुमच्याबद्दल कोण काय बोललं?"

"माझ्याबद्दल काय बोलायचं?"

"तेच. कोणी नाय बोललं. मीपण नाय, माझ्या डोक्यातच नाय आलं."

आणि मग तो सांगू लागला. मास्तर इथं बसून कलमांचं बोलत नसत, पुतणीचं तर नाहीच. हिनं आज काही खाल्लं की नुसत्या चहावर दिवस काढला, हेच सुरू असायचं. सगळी शाळा माझं ऐकते, ही तेवढी ऐकत नाही म्हणून चिडायचे. शेवटी शेवटी एकच धोसरा, मी नसलो तर हिच्या पानात कोण वाढणार.

हेमाताईंनी पदर तोंडाला लावला. दहाव्यालासुद्धा त्या इतक्या रडल्या नव्हत्या. भागोजी उठला आणि कर्दळींपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

रडं ओसरलं तेव्हा बागेत कुणी झाडांना पाणी घालत होतं, ओल्या मातीचा वास येत होता. आपली काळजी रोज या बाकावर वाहिली जात होती आणि आपल्याला पत्ताही नव्हता, याचं त्यांना नवल वाटलं. त्यांनी बाकाच्या फळीवरून हात फिरवला, देवापुढची जमीन सारवून झाली की फिरवावा तसा.

मग भागोजीची बाटली उघडून त्यांनी तळहातावर पाणी घेतलं. व्रताचा संकल्प सोडताना बसतात तशा ताठ बसल्या.

"दोन्ही वेळा जेवीन. नीट रांधून जेवीन."

पाणी मातीत सोडलं. उरलेलं त्या घटाघटा प्यायल्या.

"गुरुवार ना?" भागोजीनं वळून विचारलं.

"दत्तगुरूंचं आणि माझं मी बघून घेईन. तुम्ही होतात म्हणून कळलं हो, भागोजीभाऊ." त्यांनी त्याला हात जोडले. तो उगीचच टोपी नीट करू लागला.

फाटकाबाहेर जनी भाजीची पाटी घेऊन बसली होती. हेमाताईंनी लाल माठ मागितला. घरात किती माणसं गो बाय, तिनं विचारलं. तेवढ्या बेतानं ती जुडी बांधायची.

"मी एकटीच," हेमाताई म्हणाल्या. "मोठी बांध."

जुडी घेऊन त्या घराकडच्या चढणीला लागल्या. भात टाकायचा होता.