नव्या ताऱ्याची बातमी

वेधशाळेला पाठवलेला मेल पुन्हा परत आला, तसे खडके सर मटकन खुर्चीत बसले. आयुष्यभर दुर्बिणीला डोळा लावल्यावर आज पहाटे त्यांना नवा तारा गवसला होता. वेधशाळा फक्त कॉलेजसारख्या संस्थेच्या मेल-पत्त्यावरून आलेली नोंद स्वीकारायची, आणि दुसऱ्या कुणी आधी कळवलं तर शोध त्याचा ठरणार होता.

"सर, आपल्या कॉलेजच्या सर्व्हरवरून मध्यंतरी कुणीतरी फसवे मेल सोडले होते. म्हणून आपले मेल आता दारातूनच परत येतायत," सर्व्हर सांभाळणारी तस्नीम म्हणाली. "आपण विद्यापीठाच्या सर्व्हरमार्गे पाठवूया. त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे."

तिनं फोनवर विद्यापीठाची परवानगी मिळवली, सेटिंग बदललं आणि कॉलेजमधून बाहेर जाणारे सगळे मेल तिकडे वळवले. सरांनी बटण दाबलं. या वेळी मेल परत आला नाही.

दुपारी उत्तर आलं, "पहिली नोंद तुमचीच. अभिनंदन!"

सगळं कॉलेज सरांभोवती जमलं. त्यांनी मात्र तस्नीमला हात धरून पुढे आणलं.

"तारा मला दिसला, पण जगाला हिनं कळवला," ते म्हणाले. "माझीच जुनी विद्यार्थिनी आहे ही!"